मुळा-मुठेतले जड धातू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीला वास येतो, फेस येतो, डास होतात, हे पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला कळतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम यांचं तसं नसतं. ते दिसत नाहीत, त्यांना वास नाही, आणि महापालिकेच्या रोजच्या तपासणीतही ते बहुधा नसतात. त्यामुळे याबद्दल प्रश्नही बरेच आणि गैरसमजही. पुण्यापासून उजनीपर्यंत जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

जड धातू म्हणजे कोणते?

शिसं, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल, तांबं, जस्त. आर्सेनिक काटेकोरपणे धातू नाही, पण तो यांच्याबरोबरच मोजतात. तांबं आणि जस्त शरीराला थोडं लागतं. शिसं, कॅडमियम आणि पारा यांचा शरीराला काडीचाही उपयोग नाही.

मैल्यातली घाण जिवाणू खातात आणि तिचा वायू, पाणी, खत होतं. धातूचं तसं काहीच होत नाही. पाण्यातून काढला तर गाळात जातो, गाळातून काढला तर जिथे टाकाल तिथे जातो. पुढच्या बहुतेक उत्तरांत हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपात येणार आहे.

घरांच्या सांडपाण्यात धातू येतीलच कसे? कारखाने तर एमआयडीसीत आहेत.

मोठे कारखाने एमआयडीसीत आहेत. त्यांच्याकडे स्वतःची प्रक्रिया यंत्रणा असते, परवान्याच्या अटी असतात, अधूनमधून तपासणीही होते. खरी अडचण त्यांच्या सावलीत चालणाऱ्या छोट्या कामांची आहे. पुणे-पिंपरी-चिंचवड हा वाहनांच्या सुट्या भागांचा पट्टा. नट-बोल्टपासून सायलेन्सरपर्यंत प्रत्येक भागावर कुठे ना कुठे झिंक, निकेल किंवा क्रोमचा मुलामा चढतो. हे काम करणारे प्लेटिंगवाले अनेकदा भाड्याच्या शेडमध्ये असतात. प्लेटिंगच्या टाकीतून बाहेर काढलेला भाग पाण्यात धुतात, आणि ते धुवण हाच धातूंचा मोठा स्रोत. पत्र्यावरचा गंज काढायला वापरलेलं ॲसिडही त्यातच. शेडच्या मागे ड्रेनेजचं चेंबर असलं की पुढचं सांगायला नको.

त्याशिवाय जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणारे, भंगारातल्या तारा जाळून तांबं मिळवणारे, रेडिएटर झाळणारे, गॅरेज, रंगकाम, दातांच्या दवाखान्यातलं पाऱ्याचं मिश्रण आणि फुटलेले थर्मामीटर.

रस्तासुद्धा यात आहे, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. ब्रेक पॅड झिजून तांबं पडतं, टायर झिजून जस्त. वर्षानुवर्षं वापरलेल्या शिसेयुक्त पेट्रोलचं शिसंही रस्त्याकडेच्या मातीत उरलेलं आहे. मृगाच्या पहिल्या जोरदार सरीबरोबर ही सगळी धूळ आंबील ओढा, नागझरी, भैरोबा नाला यांतून थेट नदीत उतरते. त्या पाण्याच्या वाटेत शुद्धीकरण केंद्र येतच नाही.

गणपती विसर्जनामुळेच हे होतं ना?

काही अंशी. स्वस्त चकचकीत रंगांत शिसं आणि क्रोमियमची संयुगं असू शकतात. पारंपरिक शेंदूर तर शिशाचाच ऑक्साइड असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती आणि विषारी रंग यांना मनाई होती, आणि ती योग्यच होती. पण विसर्जन वर्षातले काही दिवस असतं आणि नाला 365 दिवस वाहतो. मूर्ती हौदात विसर्जित केली की नदी सुटली, असं मानणं फार सोयीचं आहे. मूर्ती दिसते, चेंबर झाकलेलं असतं, एवढाच काय तो फरक.

नदीवर पांढरा फेस येतो तो जड धातूंचा का?

नाही. फेस मुख्यतः साबण आणि डिटर्जंटमधल्या रसायनांचा. इंद्रायणीवर आळंदीजवळ वारीच्या सुमारास ज्याचे फोटो फिरतात तोही फेस त्याच जातीचा. वास कुजणाऱ्या मैल्याचा, त्यातल्या हायड्रोजन सल्फाइडचा. फेस असलेल्या पाण्यात धातू असतील किंवा नसतील. फेस नसलेल्या, बिनवासाच्या, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही ते असू शकतात.

पुण्यात मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं आहेत, नवीन बांधली जात आहेत. मग प्रश्न सुटणार नाही का?

मैल्याचा बराचसा सुटेल. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून 11 नवी केंद्रं आणि 396 एमएलडी, म्हणजे रोज 39 कोटी 60 लाख लिटरची क्षमता, हा प्रकल्प केंद्र सरकारने 2016 मध्ये मंजूर केला. आधीची भैरोबा, नायडू, मुंढवा, एरंडवणे, विठ्ठलवाडी वगैरे केंद्रं आहेतच. ही केंद्रं पूर्ण क्षमतेने चालली तर नदीत प्राणवायू परत येईल, वास जाईल. त्याचं मोल कमी लेखायचं कारण नाही.

पण ही केंद्रं जिवाणूंवर चालतात, आणि जिवाणू धातू पचवत नाहीत. धातूंचा बराच भाग मैल्याच्या कणांना चिकटून टाकीच्या तळाला बसतो. पाणी बऱ्यापैकी सुटतं, पण तो भाग आता केंद्राच्या गाळात गेलेला असतो. शिसं आणि तांबं असं लवकर बसतं. निकेल विरघळलेल्या रूपात राहण्यात पटाईत, त्याचा मोठा हिस्सा सरळ पुढे नदीत जातो.

उरलेल्या गाळाचं काय? तो वाळवून खत म्हणून दिला तर धातू शेतात पोचतात. शहरी कंपोस्टसाठी आपल्याकडे मर्यादा आहेत: किलोमागे शिसं 100 मिलिग्रॅम, कॅडमियम 5, निकेल 50, क्रोमियम 50. केंद्राचा गाळ ट्रॉलीत भरण्याआधी या आकड्यांवर तपासला होता का, हे शेतकऱ्याने विचारलंच पाहिजे. ‘सेंद्रिय आहे’ हे त्यावरचं उत्तर होत नाही.

आणखी एक बाब केंद्रं चालवणाऱ्यांना चांगली ठाऊक असते. कुणी रात्री प्लेटिंगची अख्खी टाकी ड्रेनेजमध्ये रिकामी केली, तर सकाळी केंद्रातले जिवाणूच मेलेले असतात. ते पुन्हा वाढवायला दिवस जातात आणि तोवर साधा मैलाही नीट शुद्ध होत नाही. म्हणजे एका शेडचं पाणी कोट्यवधी लिटरचं काम बिघडवू शकतं.

केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात धातू मोजत नाहीत?

तशी सक्तीच नाही. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांसाठी पर्यावरण मंत्रालयाने ऑक्टोबर 2017 मध्ये जी मानकं काढली, त्यांत चारच गोष्टी आहेत: सामू (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे), बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते याचं माप), तरंगते घनपदार्थ आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू. यादीत एकही धातू नाही.

नद्यांच्या क्रमवारीचंही असंच. केंद्रीय मंडळाने 2022 मध्ये देशातले 311 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले 55 महाराष्ट्रातले, देशात सर्वाधिक. त्यासाठीचा निकष मात्र बीओडीचा, म्हणजे लिटरला 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर नदी यादीत. उद्या मुळा-मुठेची बीओडी उतरली तर ती या यादीतून बाहेर पडेल, तळाच्या गाळातलं शिसं जागच्या जागी राहूनसुद्धा. ज्या परीक्षेत विषयच नाही, त्यात नापास कोण होणार?

कारखान्यांना तर मर्यादा आहेत ना?

आहेत, आणि त्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेशेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठीच्या सर्वसाधारण मानकांत कॅडमियम लिटरला 2 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ते 0.003 मिलिग्रॅम. साडेसहाशे पटींहून जास्त अंतर. शिशासाठी 0.1 आणि 0.01. निकेलसाठी 3 आणि 0.02.

या फरकामागचं गृहीत असं की नदीचं भरपूर पाणी मिसळून सगळं विरळ होईल. मुठेवर आणि तिच्या उपनद्यांवर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं आहेत. पावसाळा सोडला तर शहरातून वाहतं ते बहुतांशी आपलंच वापरलेलं पाणी. ते विरळ करायला वरून पाणी येणार कुठून?

गटारात सोडायच्या पाण्याची मर्यादा तर काही धातूंसाठी आणखी सैल आहे. सहा संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमचा घातक प्रकार, नदीत सोडायला लिटरला 0.1 मिलिग्रॅमपर्यंत चालतो आणि सार्वजनिक ड्रेनेजमध्ये 2 मिलिग्रॅमपर्यंत. पुढे शुद्धीकरण केंद्र आहे, ते बघून घेईल, हा त्यातला भरवसा. केंद्र ते बघून घेत नाही, हे वर आलंच आहे.

नदीच्या पाण्याचा रिपोर्ट ‘मर्यादेत’ आला. मग चिंता कशाला?

पाण्याचा नमुना म्हणजे त्या क्षणाचा फोटो. कारखान्याच्या सांडपाण्याचा टँकर रात्री दोनला नाल्यात रिकामा झाला आणि नमुना सकाळी अकराला घेतला, तर त्यात काही सापडणार नाही. शिवाय धातू पाण्यात फार वेळ राहत नाहीत. ते चिकणमातीच्या बारीक कणांना, कुजलेल्या काडीकचऱ्याला धरतात आणि जिथे प्रवाह मंदावतो तिथे बसतात. बंड गार्डनच्या बंधाऱ्यामागे, पुलांच्या खांबांपाशी, वळणांच्या आतल्या बाजूला. नदीचा खरा जमाखर्च गाळात लिहिलेला असतो.

पण गाळाचे आकडेही जपून वाचावे लागतात. आपली जमीन दख्खनच्या बेसाल्टची. या काळ्या दगडात तांबं, निकेल, क्रोमियम निसर्गतःच बरंच असतं. मुळशीच्या डोंगरातल्या निर्मळ ओढ्याचा गाळ तपासला तरी तांब्याचा आकडा परदेशी पाठ्यपुस्तकातल्या ‘सरासरी’पेक्षा वर जाईल. तेवढ्यावरून प्रदूषण म्हणून आरडाओरडा करणारे आणि ‘इथलं सगळं नैसर्गिकच आहे’ म्हणून हात झटकणारे, दोघेही चुकतात. तुलना करायची ती शहराच्या वरच्या अंगाच्या गाळाशी. शिसं आणि कॅडमियम बेसाल्टमध्ये अगदी कमी असतं, म्हणून ते गाळात वाढलेलं दिसलं की बोट माणसाकडेच जातं.

मग गाळ उपसून टाकला की काम झालं?

नदीकाठ विकास प्रकल्पामुळे हा प्रश्न हल्ली जास्त विचारला जातो. 44 किलोमीटरच्या या प्रकल्पाचं भूमिपूजन मार्च 2022 मध्ये झालं. नदीत यंत्रं उतरली की गाळ हलणारच.

तळाच्या काळ्या, प्राणवायू नसलेल्या गाळात धातू गंधकाशी बांधलेले असतात आणि बऱ्यापैकी जखडलेले राहतात. तोच गाळ उपसून हवेवर पसरला की ती संयुगं हवेतल्या प्राणवायूने तुटतात आणि धातू सुटे होतात. पहिल्या पावसात ते पुन्हा पाण्यात. म्हणून उपसण्याआधी थरांची तपासणी, उपसताना वेगळी साठवण आणि धातू जास्त निघालेल्या गाळाची रवानगी घातक कचऱ्याच्या केंद्रात, हा क्रम हवा. उपसलेला गाळ काठावरच भराव म्हणून वापरणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग आणि सगळ्यात वाईटही.

जलपर्णी धातू शोषते असं वाचलं. मग ती राहू द्यावी का?

शोषते, विशेषतः मुळांत. पण ती काढून काठावरच ढीग लावला तर ती कुजते आणि शोषलेलं सगळं पुन्हा नदीत येतं. दरवर्षी उन्हाळ्याआधी हेच दृश्य दिसतं. नदीतली जलपर्णी काढून लांब न्यावी आणि तिचं खत करण्याआधी तपासावं.

पुण्याच्या नळाला हे पाणी येतं का?

नाही. पुण्याला मुख्यतः खडकवासला साखळीतून आणि पिंपरी-चिंचवडला मुख्यतः पवनेतून पाणी मिळतं, दोन्ही शहराच्या वरच्या बाजूला. म्हणूनच शहराला या प्रश्नाची घाई नसते. खालच्या बाजूला थेऊर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, दौंड, मग भीमेतून उजनी. उजनीतून सोलापूर शहर पाणी पितं आणि उजनीतून सोडलेल्या पाण्यावर पंढरपूरची चंद्रभागा भरते.

जुनं पाइपिंग असलेल्या इमारतीत मात्र शिसं घरातूनच पाण्यात येऊ शकतं, कारण पीव्हीसी पाइप टिकाऊ करायला शिशाची संयुगं वापरली जात. रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी सकाळी थोडं सोडून मग पिण्याचं भरावं.

पाणी उकळलं तर? तुरटी? फिल्टर? टीडीएस मीटर?

उकळून धातू जात नाहीत. उलट वाफ उडून ते किंचित दाटच होतात. तुरटीने गढूळपणाबरोबर कणांना चिकटलेले काही धातू खाली बसतात, विरघळलेले राहतात. साध्या कँडल फिल्टरचा उपयोग नाही. आरओ बहुतेक धातू बऱ्याच प्रमाणात काढतो, मेंब्रेन वेळेवर बदललं तर. टीडीएस मीटर क्षारांची बेरीज दाखवतो, तीही लिटरला शेकडो मिलिग्रॅममध्ये. शिशाची मर्यादा मिलिग्रॅमचा शंभरावा भाग आहे. मीटरला ते कळणारच नाही.

आमची शेती बेबी कालव्यावर आहे. या पाण्यावर भाजी घ्यावी का?

मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं वापरलेलं पाणी उचलून जुन्या कालव्यात, म्हणजेच बेबी कालव्यात, सोडतात आणि ते हवेली-दौंडकडे जातं. नदीवरच्या मोटारी वेगळ्याच. या पाण्यात नत्र, स्फुरद असल्यामुळे पीक हिरवंगार दिसतं, खताचा खर्च वाचतो. शेतकऱ्याला ते हवंसं वाटतं यात नवल नाही, आणि शहराने ते देताना त्यात आणखी काय आहे हे सांगितलेलं नसतं.

पिकांत फरक असतो. पालक, मेथी, शेपू, राजगिरा यांसारख्या पालेभाज्या कॅडमियम सगळ्यात जास्त ओढतात. दाणे आणि फळं तुलनेनं कमी. कंदमुळांना मातीच चिकटलेली असते. नीट धुतल्याने पानावरची धूळ आणि तिच्यातलं शिसं जातं, पानाच्या आत गेलेलं कॅडमियम जात नाही. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत पालेभाजीसाठी किलोमागे शिसं 0.3 आणि कॅडमियम 0.2 मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

आपली काळी चुनखडीयुक्त जमीन यात आपली बाजू सांभाळते. तिचा सामू जास्त आणि चिकणमाती भरपूर, त्यामुळे धातू मातीत धरून ठेवले जातात आणि मुळांना सहज मिळत नाहीत. पण जमीन क्षारपड होऊ लागली की क्लोराइडमुळे कॅडमियम पुन्हा सुटं होतं. म्हणजे पाट भरभरून पाणी देऊन जमीन बिघडवली तर हीही राखण संपते. सिंचनाच्या पाण्यात कॅडमियम लिटरला 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक अन्न व कृषी संघटना सांगते. कालव्याचं पाणी आणि शेताची माती दोन्ही तपासून घ्या. निकाल वर गेला तर पालेभाजीऐवजी फुलशेती हा मार्ग आहे.

जपानमध्ये जिंत्सू नदीच्या काठी खाणीतलं कॅडमियम नदीत, नदीतून भातखाचरात आणि भातातून माणसांच्या हाडांत गेलं. हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही मोडत. त्या आजाराला सरकारने प्रदूषणाचा आजार म्हणून 1968 मध्ये मान्यता दिली, त्याच्या कित्येक दशकं आधीपासून लोक कण्हत होते. इथे तसं झालंय असा याचा अर्थ नाही. नदी ते ताट हा रस्ता खरा आहे, एवढंच.

उजनीचे मासे खावेत का?

भिगवणच्या बाजारातून मासळी लांबवर जाते, म्हणून हा प्रश्न फक्त धरणकाठचा नाही. शिसं, कॅडमियम माशाच्या कल्ल्यांत, यकृतात आणि आतड्यांत साठतं, मांसात कमी. ते भाग काढून टाकले की बराच धोका जातो. छोटे मासे आतड्यांसकट अख्खे खाणं टाळावं. पाऱ्याची गोष्ट निराळी. तो मांसातच साठतो, मोठ्या मांसभक्षक माशात जास्त, आणि शिजवून जात नाही. जपानच्याच मिनामाताची घटना पाऱ्याची, 1956 मध्ये उघडकीला आलेली. चिलापी, कटला, रोहू हे शेवाळ आणि प्लवकांवर जगणारे, त्यामुळे मरळसारख्या शिकारी माशापेक्षा त्यांत पारा कमी साठतो.

शरीरात गेले तर काय होतं?

शिसं मुलांच्या मेंदूवर जातं. त्याची सुरक्षित पातळी कुठलीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि तिथून दहा-वीस वर्षं हलत नाही. सहा संयुजी क्रोमियम कर्करोगकारक. निकेलने त्वचेची ॲलर्जी. यात पोट दुखून, उलटी होऊन कळेल असं काही नसतं, म्हणून ‘आम्ही इतकी वर्षं खातोय, काही झालं नाही’ हा पुरावा चालत नाही. सर्वात जास्त धोका मात्र नदीकाठच्या गावाला नसून प्लेटिंगच्या टाकीवर हातमोज्यांशिवाय काम करणाऱ्या आणि बॅटरी फोडणाऱ्या माणसाला आहे, आणि त्याच्या घरच्या लहान मुलांना, कारण कपड्यांवर शिसं घरी येतं. त्यांची रक्ततपासणी आधी व्हायला हवी.

नमुना तपासायचा तर कसा?

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली आणि त्या धातूसाठी मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा. बाटली त्यांच्याकडूनच घ्या. धातूंच्या नमुन्यात थोडं नायट्रिक ॲसिड घालावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या कडांना चिकटतात आणि अहवाल खोटा चांगला येतो. गाळाचा नमुना वरच्या थराचा, सावकाश प्रवाहाच्या जागेचा, आणि शहराच्या वरचा एक व खालचा एक असा जोडीने घ्या. एकाच ठिकाणचा आकडा वादात टिकत नाही.

यावर तांत्रिक उपाय आहे का?

आहे, जुना आणि सोपा. क्रोमच्या पाण्यात आधी ॲसिड आणि सोडियम बायसल्फाइट घालून घातक क्रोमियमचं सौम्य रूप करायचं, मग चुना घालून ते खाली बसवायचं. निकेल, जस्त, तांबंही चुन्याने बसतं. धुण्याच्या तीन टाक्या उलट्या क्रमाने जोडल्या तर पाणीही खूप कमी लागतं. उरलेला गाळ रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात पाठवायचा.

अडतं ते पैशावर. भाड्याच्या शेडमध्ये तासाच्या हिशेबाने काम घेणाऱ्याला ही यंत्रणा एकट्याने परवडत नाही, आणि त्याला काम देणारी मोठी कंपनी दर ठरवताना हा खर्च धरत नाही. नुसतं शेडला टाळं ठोकलं तर तो दुसऱ्या वाडीत शेड घेतो. प्लेटिंगवाल्यांना एका ठिकाणी जागा, सामायिक प्रक्रिया केंद्र, आणि काम देणाऱ्या कंपनीवर जबाबदारी, हे तिन्ही एकदम केलं तरच काही हाती लागेल. शुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या मैल्यात आणि केंद्राच्या गाळात दरमहा धातू मोजले तरी कुठल्या नाल्यातून काय येतं ते कळू लागेल. त्यासाठी नवीन कायदा लागत नाही.

रंगीत पाणी किंवा रात्रीचा टँकर दिसला तर तक्रार कुठे करायची?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडत असतील तर त्याच वेळी महापालिकेच्या मलनिस्सारण विभागातही. तारीख, वेळ, चेंबर किंवा नाल्याची जागा, पाण्याचा रंग, वाहनाचा क्रमांक आणि लोकेशनसह फोटो द्या. हिरवट-पिवळं पाणी क्रोमचं असू शकतं, निळसर तांब्याचं, हिरवं निकेलचं. पाण्याला हात लावू नका, ते ॲसिडही असू शकतं. लेखी पोच घ्या. नमुना घेतला का, कधी घेतला आणि त्यात धातू तपासले की फक्त बीओडी, हे माहिती अधिकारात विचारा. मंडळाने आणि पालिकेने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे.